माझं झालंय

शांताबाई दामल्यांचं नाव ज्याने ठेवलं त्या माणसाला एकदा भेटायची माझी फार इच्छा होती. शाळेच्या पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत जिने कधी खुर्चीला पाठ टेकली नाही, तिचं नाव म्हणे शांता! अंबरनाथच्या आमच्या मुलींच्या शाळेत, शिक्षिकांच्या खोलीत त्यांची खुर्ची होती, नाही असं नाही. पण तिच्यावर आम्ही सगळ्या खुशाल आपल्या छत्र्या आणि पिशव्या टाकायचो, कारण ती रिकामीच राहणार हे ठरलेलं होतं. शांताबाई खिडकीपाशी उभ्या राहून वह्या तपासत, दाराशी उभ्या राहून बोलत, आणि बोलता बोलता सारख्या या पायावरून त्या पायावर होत. त्यांच्याशी पाच मिनिटं गप्पा मारल्या की आपल्यालाच दम लागायचा.

राहायला त्या बदलापुरात, बेलवलीला. मीही बदलापूरचीच. आम्ही बाकीच्या गाडीने येत असू आणि या बाई रुळांकडेच्या पायवाटेने चालत. उन्हात, चिखलात, पदर खोचून, जवळजवळ पळतच. "अहो, गाडीशी काय भांडण आहे तुमचं?" असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "बसून राहिलं की मला जड वाटतं हो, सरोजबाई. चाललं की कसं मोकळं वाटतं."

जड! हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवता येत असत त्यांना. एप्रिलच्या उकाड्यात आम्ही पदराने वारा घेत बसायचो, तेव्हा यांचं मनगटापर्यंत लांब बाह्यांचं पोलकं आणि वर शाल. "मला बाई थंडी सोसत नाही," म्हणायच्या. आम्ही हसायचो. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. शाळा म्हटली की एखादी बाई अशी असतेच, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

शांताबाई शिकवायच्या स्वयंपाक. वेळापत्रकात त्याला 'गृहजीवनशास्त्र' असं भारदस्त नाव होतं, पण मुली 'स्वयंपाकाचा तास' म्हणत आणि त्या तासाची वाट बघत. रेशनचे दिवस होते ते. जाडाभरडा गहू, लालसर ज्वारी, मोजकी साखर. पण त्याच गव्हाचा शांताबाई असा सांजा करायच्या की वरच्या मजल्यावरचा भूगोलाचा तास बंद पडावा. आणि गंमत म्हणजे त्या चव घेत नसत. चमचा नाकापाशी नेत, डोळे मिटत आणि सांगत, "मीठ कमी आहे. चिमूटभरच टाक." मुली थक्क होत, मीही. काय हात आहे, काय नाक आहे, असं आम्ही सगळीकडे सांगत सुटलो होतो.

मधल्या सुट्टीत डबा सर्वांत मोठा त्यांचाच. थालीपीठ, लसणीची चटणी, कधी गुळाच्या पोळ्या. डबा उघडायचा आणि एकेकीच्या पुढे फिरत वाढायचं. "घ्या हो. एक घ्याच. नको कसं म्हणता, मला वाईट वाटेल." खाण्याच्या बाबतीत मला आग्रह लागत नाही, त्यामुळे आमची दोघींची छान गट्टी जमली. मी तोंडात घास असतानाच विचारायची, "आणि तुमचं?"

"माझं झालंय."

आपल्याकडे या दोन शब्दांपुढे कुणी जात नाही. कधी झालं, कुठे झालं, काय झालं असं खोदून विचारणं म्हणजे अडाणीपणा. माझं झालंय म्हटलं की दार लागलं. समोरच्याने 'बरं' म्हणायचं आणि आपल्या पानाकडे बघायचं. शांताबाईंनी हे ओळखलं होतं आणि त्या दारामागे त्या राहत होत्या, असं आता मला वाटतं.

शिवाय उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादशा, दोन्ही चतुर्थ्या. मधे एखादा वार उरलाच तर त्या दिवशी पोट बिघडलेलं. उपास आम्हीही करायचो, म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारायचो. यांचा उपास अर्ध्या फुलपात्र ताकाचा. आमच्या मुख्याध्यापिकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत त्यांना 'आपल्या शाळेची तपस्विनी' म्हटलं. बायका वाकून नमस्कार करायला लागल्या. शांताबाई अवघडून मागे सरत होत्या, पण चेहरा मात्र लाल झाला होता. लाज होती का आनंद, मला कळलं नाही. त्या दिवशी मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा कानशिलाजवळ लहान बाळासारखी मऊ लव दिसली, आणि हात हातात घेतला तर तो हंड्याच्या पाण्यासारखा गार. मला नीट वाटलं नाही. परतताना जोडीच्या बाईंना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तपाचं तेज असतं हो तसलं." असेल, म्हटलं. आपण तिळगूळ दुसऱ्यांदा मागून घेणारी माणसं, आपल्याला काय कळणार!

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. यजमान मुंबईला कचेरीत. रविवारी घरी होते, पण मंडईत गेले होते. मुलंबाळं नव्हती. सासूबाईंना सगळे माई म्हणत. धिप्पाड बाई, आवाज असा की उल्हास नदीच्या पलीकडे ऐकू जावा. माईंनी मला बसवून घेतलं आणि सुनेचं कौतुक सुरू केलं. "अहो, ही आली तेव्हा मला वाटलं, शिकलेली पोर, काय देवधर्म करणार. पण पहिल्याच श्रावणात हिने सगळे सोमवार कडक केले. मी म्हटलं, जिंकलं! आता अख्ख्या आळीत हिचं नाव घेतात."

शांताबाई तेवढ्यात चार वेळा आत-बाहेर करून गेल्या होत्या. पाणी, पोहे, पुन्हा पाणी, विडा.

त्या घरची पद्धत आपल्या सगळ्या घरांसारखीच. आधी पुरुषमाणसं, मग माई, मग पाहुणे, आणि सगळ्यांचं आवरल्यावर सून स्वयंपाकघरात एकटी. सुनेच्या ताटात काय पडतं हे बघायला कुणी थांबत नाही. पानातला पहिला घास गाईचा, तो आधी बाजूला काढायचा, हीसुद्धा सगळ्यांचीच रीत. मी हात धुवायला मागच्या दारी गेले, तर शांताबाई गोठ्याशी उभ्या. हातात ताट. गोग्रास म्हणजे घासभर. इथे भात, आमटी, दोन पोळ्या, भाजी, सगळं पान कपिलेच्या पुढे. कपिला चाटून पुसून खात होती आणि शांताबाई तिच्या मानेवरून हात फिरवत होत्या. इतक्या स्वस्थ मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

मला बघून दचकल्या. "आज माझा... आज रविवारचा एक नेम आहे," म्हणाल्या.

आतून माईंचा आवाज आला, "गाय बघितलीत का आमची? कशी सुटलीय! सुनेच्या हातचं लागतं तिला."

मी हसले. आणि घरी येईपर्यंत माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्या रात्री माझ्या यजमानांना म्हटलं, "दामल्यांची गाय बाळसं धरतेय आणि सून वाळतेय." ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "दुसऱ्याच्या घरातलं आहे ते." विषय तिथेच राहिला.

तो उकरून काढला सुमनने.

सुमन नववीतली, सोनिवली गावची. शेतकऱ्याची मुलगी, त्या घरातली शाळेत आलेली पहिलीच. दांडगी पोर, पावसाळ्यात चिखल तुडवत यायची आणि डब्यातली तांदळाची भाकरी सुकटीच्या चटणीशी दोन मिनिटांत फस्त करायची. शांताबाईंवर तिचा भारी जीव. त्यांच्यासारखा अंबाडा, त्यांच्यासारखा खोचलेला पदर, चमच्याचा तसाच वास घेणं. आम्ही कौतुकाने बघायचो. मग तिनेही सोमवार धरला, मग गुरुवार. मुख्याध्यापिकांनी शाबासकी दिली. दिवाळीनंतर ती शाळेत आली तेव्हा तिचे डोळे आधी आणि ती मागून आल्यासारखी दिसत होती. एके दिवशी कवायतीत ती कोसळली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. शिक्षिकांच्या खोलीच्या दारातच उभी राहिली. आत यायला तयार होईना. शांताबाई नेहमीसारख्या खिडकीशी उभ्या होत्या.

"बाई, पोर आमची ताटाला हात लावत नाय," ती म्हणाली. "भगताकडं नेली. त्यानं सांगितलं, बाहेरची बाधा हाय, कोंबरा द्या. दिला. तरी काय फरक नाय. तोंडात घास घेते नि मागल्या दारी जाऊन थुकते. इचारलं, जेवलीस काय गो, तर म्हनते, 'माझं झालंय.' असं चांगलं शुद्ध बोलते, अगदी तुमच्यासारकी. आमच्या घरात असं कुनी बोलत नाय, बाई. म्हनून मना भ्या वाटतंय. ही आमची पोर बोलतच नाय, दुसरंच कोन बोलतंय."

शांताबाई खाली बसल्या. त्यांच्या खुर्चीवर, आमच्या छत्र्यांवरच बसल्या. एक छत्री मोडल्याचा आवाज आला, ती माझी होती. मग त्या सुमनच्या आईला म्हणाल्या, "बाधा नाही. मला माहीत आहे काय आहे ते. तिला डॉक्टरकडे न्यायचं. मी नेते." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही याल का बरोबर?"

उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात गोपीबाई म्हणून एक सिंधी डॉक्टरीण होत्या. मिलिटरीच्या जुन्या बरॅकीत चादरींचे पडदे लावून दवाखाना थाटलेला, बाहेर खाटांवर पापड वाळत घातलेले. कल्याणहून टांग्याने आम्ही चौघी तिथे पोचलो: शांताबाई, सुमन, तिची आई आणि मी. वाटभर शांताबाई पदराचं टोक पिळत होत्या आणि टांगेवाल्याला लवकर चल, लवकर चल करत होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, "परत जाऊ या का? नाही, नको. चला."

गोपीबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. कुणीही आलं की पहिला प्रश्न त्यांच्या बोलीत, "मानी खाधी?" म्हणजे जेवलात का. आणि उत्तर काही का येईना, हातावर भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला. पाहुण्याला तेवढं दिल्याशिवाय ती माणसं बोलायलाच लागत नाहीत. आम्हा चौघींना एकेक पापड मिळाला. मी माझा खाल्ला. सुमनच्या आईने खाल्ला. डॉक्टरीणबाईंनी सुमनची नाडी बघितली, डोळ्यांखाली बघितलं, पाळी कधी आली होती ते आईला हळूच विचारलं. आई म्हणाली, श्रावणापासून नाही.

"पापड खाया, बेटी?"

"माझं झालंय," सुमन म्हणाली. हात खरंच रिकामे होते.

"डॉक्टर, तिने खाल्लेला नाही," शांताबाई एकदम म्हणाल्या. त्या दाराशी उभ्याच होत्या. "तिच्या परकराच्या ओच्यात बघा. आधी चुरा केलाय, म्हणजे आवाज होत नाही. मग थोडा थोडा खाली सोडायचा. घरी ती भात ताटाच्या कडेने पसरते, म्हणजे खाल्ल्यासारखा दिसतो. पाणी आधी पिते. जेवायच्या वेळी काम काढते."

सुमन त्यांच्याकडे बघतच राहिली. आई रडायला लागली.

गोपीबाईंनी चष्मा वर केला. "आपको यह सब कैसे मालूम, बहनजी?"

शांताबाई दाराकडे वळल्या. मला वाटलं, आता त्या दाराबाहेर पडणार आणि चालत सुटणार, थेट बेलवलीपर्यंत. एक पाय उंबऱ्याबाहेर गेलाही होता. मग त्यांनी कमरेला खोचलेला पदर सोडला, आणि त्यातून पापडाचा बारीक चुरा जमिनीवर सांडला.

"मी शिकवलं तिला," त्या म्हणाल्या. "न शिकवता शिकवलं."

त्या घडीला मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

गोपीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शांताबाईंना खाटेवर बसवलं, नाडी धरली, आणि किती तरी वेळ धरून ठेवली. म्हणाल्या, फाळणीनंतर कॅम्पात अशा बायका मी पाहिल्या. कुणी दुःखाने खाणं सोडलं, कुणी भीतीने, आणि मग इच्छा असूनही ते पुन्हा धरता येईना. शांताबाई पुटपुटल्या, "पण माझे तर उपास..."

"व्रत का पारणा होता है, बहनजी," गोपीबाई म्हणाल्या. "तुम्हारा पारणा कब है?"

पुढे एकदा मला शांताबाईंनी सांगितलं की या घरात आल्यावर सासूबाई त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या त्या पहिल्या कडक सोमवारी. "मग ते हसू टिकवायचं होतं मला. नंतर हसू राहिलं बाजूला. खाल्लं की मला घाबरायला व्हायचं. कशाला घाबरत होते, ते मात्र विचारू नका."

गोपीबाईंनी दोघींनाही सांगितलं ते असं: हा आजार आहे, पाप नाही आणि पुण्यही नाही. एकटीने जेवायचं नाही. बसून, कुणाच्या तरी सोबत, थोडं थोडं. दर आठवड्याला दाखवायला यायचं. शांताबाईंचं हृदय नीट चालत नव्हतं. त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात राहावं लागेल आणि तिथे मनाच्या डॉक्टरांशीही बोलावं लागेल. मनाच्या डॉक्टरांचं नाव काढताच शांताबाई उठून उभ्या राहिल्या. "मी वेडी नाही." गोपीबाई म्हणाल्या, "मालूम है. बैठो." आणि त्या बसल्या.

घरी सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. माईंनी ऐकून घेतलं. आवाज चढेल असं मला वाटलं होतं, उलट तो बसलाच. म्हणाल्या, "म्हणजे मी आळीत मिरवत होते ते हे?" मग उठून मागच्या दारी गेल्या आणि उगाचच कपिलेला एक धपाटा घातला. बिचारीचा काय दोष! दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी स्वयंपाकघरात दोन पाट मांडले, एकमेकींसमोर. "माझ्यासोबत बस," म्हणाल्या. सासूने सुनेला पुढ्यात बसवून जेवायचं म्हणजे त्या आळीत नवलच होतं. शेजारणी बोलल्याच. पाया पडणाऱ्याच बायका पुढे होत्या. "थेरं होती सगळी, देवाच्या नावावर," असं मी या कानांनी ऐकलं. मी त्यांना काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

सोपं काही झालं नाही. सुमन लवकर सुधारली, तरुण होती आणि तिच्या आईने कोंबड्या देण्याऐवजी तिलाच खाऊ घातल्या. शांताबाई इस्पितळात राहून आल्या, बऱ्या झाल्या, पुन्हा घसरल्या, पुन्हा गेल्या. शाळेत खुर्चीवर बसायला लागल्या, पण काठावर. गाडीने यायला लागल्या, पण डब्यात उभ्या. मधल्या सुट्टीत मी आपली त्यांच्या शेजारी डबा उघडून बसायची. बोलायची नाही, बघायची नाही, नुसती खायची. ते मला छान जमतं. कधी त्यांचा घास हातात तसाच राही आणि डोळ्यांत पाणी येई. कधी अर्धी पोळी संपे आणि त्या घाम पुसत. एकदा मी थकून विचारलं, "अहो, एवढी कसली लढाई?" तर तडकून म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला भूक लागते." दोन दिवस अबोला होता आमचा.

काही वर्षांनी माझ्या यजमानांची नागपूरला बदली झाली. निघायच्या आठवड्यातच सोनिवलीला सुमनचं लग्न निघालं. मी शांताबाईंना शेवटचं पाहिलं ते त्या मांडवात.

अंगणात पंगत बसली होती. पत्रावळी, भात, वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी. माझ्या एका बाजूला शांताबाई, दुसऱ्या बाजूला माई. नवरानवरी जिलब्यांचं ताट घेऊन आग्रहाला आली. सुमन चांगली भरली होती, हिरव्या चुड्यात शोभत होती. शांताबाईंसमोर ती थांबली. पूर्वी वाढपी दिसला की शांताबाई दोन्ही हात पानावर आडवे धरत. आताही हात पुढे गेले, मी पाहिलं. मग ते मांडीवर परत आले. सुमनने एकच जिलबी ठेवली, आग्रह केला नाही, आणि पुढे गेली.

सगळ्यांची जेवणं आटोपली. दुसरी पंगत भुकेलेली, मांडवाच्या कडेला ताटकळत उभी. पोरं किरकिर करत होती. आपल्याकडे पंगत उठते ती एकदम. एकाचं जरी व्हायचं असेल तरी कुणी उठत नाही. सुमनचे वडील येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी लांबून, अदबीने विचारलं, "झालं का मंडळी? बाई, झालं काय?"

सगळी पंगत शांताबाईंकडे बघायला लागली होती. त्यांच्या पानावर भात होता, थोडं बिरडं होतं आणि अर्धी जिलबी. एवढी माणसं खोळंबलेली. दोन शब्द बोलल्या असत्या तर सुटका होती. ते दोन शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला दिसले.

"नाही," शांताबाई म्हणाल्या. "माझं व्हायचंय अजून."

"होऊ दे, होऊ दे. सावकाश," सुमनचे वडील म्हणाले आणि मागे झाले.

शांताबाईंनी भाताचा घास उचलला. माई समोर बघत ताठ बसून राहिल्या. आमचे सगळ्यांचे हात वाळले, पण कुणी उठलं नाही.